स्वच्छ केलेला समुद्र

“अजून खसखस सांडल्यासारखं दिसतंय. फिल्टर आणखी एकदा फिरव गं,” सर माझ्या शेजारी बसलेल्या नेहाला म्हणाले.

“सर, इतका घासला तर समुद्र झिजेल हं!” नेहा हसली, पण तिने फिल्टर फिरवला.

वादळानंतर एक मासेमारी होडी परतली नव्हती. शोधपथकाला आमच्याकडून उपग्रहाचं रडार-चित्र जायचं होतं. अशा चित्रात खसखशीसारखे खोटे दाणे असतातच. फिल्टर प्रत्येक ठिपक्याला त्याच्या शेजाऱ्यांसारखं करत जातो. ही रीत माझ्या ओळखीची आहे. चार माणसांत मीही शेजारच्यांसारखी होऊन बसते, आणि मग कुणाला दिसत नाही.

पडद्यावरचा समुद्र आता एकसारखा करडा झाला होता. इतका शांत, की मला त्याची भीती वाटली. मूळ चित्रात बेटाच्या दक्षिणेला एक ठिपका जरा जास्त उजळ होता. तो नुसता दाणा असेल, किंवा लाकडी होडी. आता तिथे काहीच नव्हतं.

“छान. पाठव,” सर म्हणाले.

मी नेहाचा हात अडवला.

“सर, थांबा. मूळ चित्रही पाठवू या. आपण जे पुसलंय त्यात माणसं असतील.”