खुंटीवरची चावी आणि बाबांचं लायसन

माझे वडील गाडी इतकी सावकाश चालवायचे की शेजारीपाजारी विचारायचे, "काका, उतरून पुढं चालत जाऊ का?" भातसानगरला धरणाच्या वसाहतीत जीप चालवण्यात त्यांची अख्खी हयात गेली. निवृत्त होऊन ते वैशाखऱ्याजवळच्या आमच्या गावी आले, तेव्हा सगळ्यांना दाखवायला त्यांच्याकडे एकच गोष्ट होती. कोरं लायसन. त्यावर कधी कारवाई नाही, शेरा नाही, कुठल्या पोलिसाने शिट्टी मारून थांबवलंही नाही. शर्टाच्या वरच्या खिशात, प्लास्टिकच्या पाकिटात ते कायम असायचं.

"माझा फोटो कदी ठेवला नाय खिशात," आई म्हणायची.

गावी आल्यावर त्यांनी एक जुनी पांढरी व्हॅन घेतली आणि तिची चावी पडवीतल्या खुंटीला अडकवली. ती चावी कायम तिथेच. ज्याला नड असेल त्याने यावं, चावी काढावी, गाडी न्यावी. विचारायचं नाही आणि सांगायचंही नाही. परत आलेल्या गाडीच्या पुढच्या सीटवर कधी काकड्या असत, कधी वालाच्या शेंगा. गाडी कोणाकडे गेली होती याचा अंदाज आई त्या भाजीवरून बांधायची.

मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले आणि हा कारभार बघून माझं डोकं फिरलं. मुळात माझं डोकं फिरायला फार लागत नाही.

"बाबा, ही गाडी आहे की गावची विहीर?"

"कोनी नेली ते ईचारायला लागलो ना, तं पुढल्या येळेला अडलेला मानूस दारातून परत जाईल गो," ते म्हणाले.

मग त्यांच्या मोबाइलवर चलान आलं. वेग जास्त. सोबत फोटो, आमचीच व्हॅन, आमचाच नंबर. बाबांनी चष्मा लावून फोटो कितीतरी वेळ न्याहाळला. "गाडी माझी हाय, पर ही गती माझी नाय," एवढंच म्हणाले. पुढे आणखी एक आलं. त्या दिवशी ते नीट जेवलेही नाहीत. मला भरून आलं आणि भरून आलं की मी ओरडते, तशी ओरडले. त्यांना समजावलं की कॅमेरा माणूस बघत नाही, नंबर बघतो. नंबरवरून मालक सापडतो. गाडी कोण चालवत होतं ते मालकाने कळवलं तर चूक त्याच्या नावावर जाते, नाहीतर मालकाच्याच लायसनवर बसते. मी मोबाइल हातात घेऊन तयार होते. फक्त नाव सांगा.

"मी ईचारलंच नाय, तं सांगू कोनाचं?"

पुढे आरटीओची नोटीस आली. पुन्हा असं झालं तर लायसन काही महिन्यांसाठी निलंबित होईल. त्या संध्याकाळी त्यांनी चावी खुंटीवरून काढून कपाटात ठेवली. सकाळी मी पडवीत आले तर चावी परत खुंटीला.

माझे दिवस भरायच्या आधीच एका सकाळी कळा सुरू झाल्या. मुरबाडला डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, बाळ आडवं आहे, मोठ्या दवाखान्यात न्या, थांबू नका. बाबांनीच गाडी काढली. मागच्या सीटवर मी आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडले होते. ती व्हॅन इतकी ओरडताना मी कधी ऐकली नव्हती. एरवी खड्डा आला की बाबा त्याला जवळजवळ नमस्कार करून पुढे जात. त्या दिवशी आम्ही सगळ्यांना मागे टाकत सुटलो. आई म्हणाली, "हळू हो, हळू!" त्यांनी मान वळवली नाही. मला फक्त घामाने भिजलेली त्यांची कॉलर दिसत होती. त्या क्षणी मला ते जगातले सगळ्यात देखणे पुरुष वाटले.

दुपारी मुलगी झाली. दोघी सुखरूप.

चलान आलंच. सुनावणीचं बोलावणं आलं तोवर सव्वा महिना उलटला होता, म्हणून आईने बाळ स्वतःकडे ठेवून मला बाबांबरोबर जाऊ दिलं. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. आम्ही निघालो तर फाट्यावर पलीकडच्या घरचा दादा उभा. हातात स्वतःचं लायसन.

"काका, ते आधीचे दोनी चलान माझेच. भावाला सापाचं पान लागलेलं तवा नेली, मंग त्याला परत दाखवायला नेली. ह्यो तिसरा पन माझ्याच नावावर टाका. मी चालवत होतो म्हनून सांगतो."

बाबांनी गाडीचं दार उघडून त्याला आत घेतलं.

आरटीओतल्या साहेबांनी फोटो समोर ठेवून विचारलं, गाडी कोण चालवत होतं? दादा पुढे सरकला. बाबांनी त्याच्या छातीवर हात ठेवून त्याला मागे सारलं.

"सायेब, आधीचं मला ठाव नाय. मी कोनाला ईचारत नाय. पर ह्यो फोटो माझा हाय. ही गती माझीच. मागं माझी पोर होती."

आणि पाकिटातून लायसन काढून टेबलावर ठेवलं. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. नियम होता तो त्यांनी पाळला. तीन महिने.

येताना गाडी दादाने चालवली. बाबा त्याच्या शेजारी बसून प्रत्येक खड्ड्याला नसलेला ब्रेक दाबत होते. रिकामं पाकीट खिशात होतं. त्या पाकिटाकडे बघायची मला हिंमत होईना. मुरबाडला त्यांनी फोटो स्टुडिओपाशी थांबायला लावलं, मोबाइल घेऊन आत गेले आणि बऱ्याच वेळाने आले.

बाळाला बघायला आजही कोणी आलं की ते वरच्या खिशातून ते पाकीट काढतात. लायसन केव्हाच परत आलं, पण ते आता मागे असतं. पुढे चलानचा फोटो आहे. पांढरी व्हॅन, नंबर, खाली वेगाचा आकडा.

"ह्यो माझ्या नातीचा पयला फोटो," ते सांगतात.

"त्यात ती दिसते कुटं?" आई दर वेळी म्हणते.

"मला दिसते," बाबा म्हणतात आणि पाकीट जपून परत खिशात ठेवतात.