सगळ्या अटी वाचणारे साडू

अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात, करमाळ्यापासून दुधनीपर्यंत कुठंही शोधा, संगणकावर ‘मला सर्व अटी मान्य आहेत’ या वाक्यापुढं टिचकी मारण्याआधी त्या अटी खरोखर वाचणारा माणूस एकच सापडेल, आणि माझं नशीब असं की तो माझा साडू आहे. माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणजे आमच्या अक्का, यांचे हे यजमान. तुम्ही-आम्ही काय करतो? ते अटींचं लांबलचक चऱ्हाट अंगठ्यानं सर्रकन खाली ढकलतो, मान्य म्हणतो आणि कामाला लागतो. साडू ते चऱ्हाट छापून आणतात, त्याला भोक पाडून दोरा ओवतात आणि माझ्याकडं घेऊन येतात. कारण मी हायस्कुलात आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. आता मी शिकवलेलं इंग्रजी हे ‘गाय हा उपयुक्त प्राणी आहे’ छापाचं. एका वाक्यात सतरा पोटवाक्यं आणि कर्त्याचा पत्ता नाही, असलं इंग्रजी मी जन्मात वाचलं नव्हतं. पण साडू वही-पेन काढून समोर मांडी घालून बसले, की माझी सुटका नसे. एकदा एका कलमाचा अर्थ मी लावला, की हे सॉफ्टवेअर अणुभट्टी चालवण्यासाठी वापरू नये. साडूंनी ते वहीत लिहून खाली दोनदा रेघ मारली. मी म्हटलं, “अहो, तुम्ही चादरीवर फुलं काढता. तुम्हाला कशाला अणुभट्टीची चिंता?” तर म्हणाले, “मास्तर, आत्ता न्हाय वो. पण पुढचं कुणी बगितलंय? ठावं असलेलं बरं की.”

तुम्हाला वाटेल मी वाढवून सांगतोय. वाढवायला जागाच ठेवली नाही हो या माणसानं! संगणक नवे नवे घरोघरी आले तेव्हाची गोष्ट. त्या काळात काळ्या पाकिटात सीड्या घेऊन फिरणारी मंडळी असत, आणि एकाच चोरट्या नंबरावर अर्धं सोलापूर सुखानं चालत असे. कुणाला त्यात काही गैर वाटत नव्हतं, मलाही नव्हतं. माढ्याला एका नातलगाच्या वास्तुशांतीला साडू आणि मी मिळून गेलो होतो. पानं वाढली होती, शेंगापोळीवर तूप पडलं होतं. तेवढ्यात साडूंना कोपऱ्यातला संगणक दिसला. पडदा काळा, आणि खाली बारीक अक्षरात ‘ही प्रत अस्सल नाही’ अशी ओळ. साडू पाटावरून उठले. यजमान हात जोडून मागं लागले, “पावणं, काय चुकलं?” साडू म्हणाले, “तुमचं काय न्हाय. मला भूक न्हाय.” आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले ते परतीची एसटी येईपर्यंत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अर्थात शेंगापोळ्या मी खाल्ल्या, त्यांच्या वाटणीच्यासुद्धा.

साखर पेठेत त्यांचं दोन खणांचं दुकान आहे. चादरी आणि टॉवेलांवरची नक्षी संगणकावर चौकटीचौकटीत मांडायची, म्हणजे मागाला कळतं कुठला धागा उचलायचा नि कुठला दाबायचा. हे करणारं खास सॉफ्टवेअर त्यांनी फार वर्षांपूर्वी परगावच्या एका कंपनीकडून घेतलं होतं. त्याची कुणी नक्कल करू नये म्हणून कंपनीनं सोबत अंगठ्याएवढी एक किल्ली दिली होती. ती संगणकाच्या मागं खोचली तरच सॉफ्टवेअर उघडणार, नाहीतर नाही. त्या कंपनीचीही एक अट होती: एक संगणक, वापरणारा एक. झालं! साडूंनी कागदावर स्वतःचं नाव घातलं आणि त्या दिवसापासून अक्कांना त्या संगणकाला बोट लावायची बंदी झाली. आता गंमत बघा. साडूंना साधी कोयरी काढता येत नाही. काढली तर वांगं वाटतं. सगळी नक्षी अक्कांची. तेव्हा अक्का मागं स्टुलावर बसून सांगायच्या, “वर दोन. डावीकडं एक. तितं न्हाय वो, हितं!” आणि साडू एकेक ठिपका दाबायचे. एक वर्ष नाही, दोन वर्षं नाही, पोरीचं लग्न होऊन तिला पोरं झाली तोवर हा संसार असाच चालला. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा हातातला चहा खाली ठेवला. म्हटलं, “अक्का, तुम्हाला राग नाही येत?” अक्का हसून म्हणाल्या, “राग कशाचा? दिवसभर माझं ऐकणारा नवरा कुणाच्या नशिबात असतोय, सांगा की.”

मग दोन वर्षांपूर्वी अक्कांच्या डोळ्यांनी दगा दिला. शुगर जुनी. डॉक्टरांनी लेझर केलं, इंजेक्शनं दिली आणि शेवटी स्पष्ट सांगितलं, की उरलीसुरली नजर पुढच्या काही महिन्यांत जाईल, जे बघायचं ते बघून घ्या. आम्ही सगळे हबकलो. माझी बायको तर दोन दिवस जेवली नाही. अक्का मात्र शांत. म्हणाल्या, “लोकांच्या चादरीला लई फुलं काडून दिली. आता मला माझी एक चादर पायजे. ज्वारीच्या कणसांची. ती डोळ्यांनी बगते, मग जाऊ देत डोळं.” झाली सुरुवात. भिंगातून बघत अक्का सांगायच्या, साडू दाबायचे. कणसातला दाणा न दाणा वेगळा. दसऱ्याच्या तोंडावर नक्षी पुरी झाली. ओळखीच्या कारखानदारानं एक चादर विणून द्यायचं कबूल केलं. आता फक्त नक्षी संगणकातून काढून त्याच्या हाती द्यायची राहिली होती.

दुसरा कुणी असता तर त्याच दिवशी देऊन मोकळा झाला असता. पण साडूंच्या संगणकातली जुनी ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे ज्याच्या जिवावर अख्खा संगणक चालतो ते मूळ सॉफ्टवेअर, तिची मुदत संपत आली होती आणि पडद्यावर रोज तशी सूचना येत होती. साडूंच्या मते मुदत संपलेल्या गोष्टीवर अक्कांची नक्षी बाहेर काढणं बरं दिसत नव्हतं. त्यांनी नवी अस्सल आवृत्ती घेतली, आम्ही दोघांनी तिच्या अटी चार दिवस बसून वाचल्या, आणि खंडेनवमीच्या आदल्या दिवशी ती संगणकावर चढवली. सगळं सुरळीत. जुनी किल्लीसुद्धा नव्या सिस्टीमनं ओळखली. साडू इतके खूश झाले, की मला जबरदस्तीनं पेढा भरवला. नक्षी मात्र उद्याची पूजा झाल्यावरच बाहेर काढायची, असं त्यांनी ठरवलं.

खंडेनवमीला सोलापुरात घरोघरी हत्यारांची पूजा होते. कुणाचा माग, कुणाचं शिलाई मशीन, कुणाची रिक्षा. साडू दरवर्षी संगणकाला झेंडूचा हार घालतात आणि ती किल्ली काढून पाटावर ठेवतात, कोरडं हळद-कुंकू वाहतात. त्या वर्षी काम मोठं, आनंदही मोठा. मी पोचलो तेव्हा किल्ली चांदीच्या ताम्हणात होती आणि साडू डोळे मिटून तिच्यावर दुधाची धार धरत होते. मी ओरडलो, “अहो, काय करताय काय!” ते डोळे न उघडताच म्हणाले, “अभिषेक.” मग किल्ली पंच्यानं पुसली, अक्षता लावल्या, संगणकात खोचली आणि बटण दाबलं. चर्र असा बारीक आवाज झाला. सॉफ्टवेअरनं पडद्यावर चौकट काढली: किल्ली सापडत नाही.

संगणक दुरुस्त करणाऱ्या एक बाई त्याच गल्लीत आहेत. घरात तेलुगू, दुकानात मराठी, आणि जीभ एकदम सडेतोड. त्यांनी किल्ली नाकाशी धरली आणि म्हणाल्या, “काका, ही मेली. जीएसटीसकट मेली. दूध कोण घालतंय ओ हिला?” मग साडूंचा चेहरा बघून जरा मऊ झाल्या. “नक्षी आत हाय, कुटं गेली न्हाय. उघडायला किल्ली पायजे. कंपनी नवी देत नसंल तर कुलूप मोडायचा जुगाड मिळतोय. अर्ध्या तासाचं काम हाय. करू?” मी म्हटलं, करा. साडू म्हणाले, “न्हाय. कुलूप मोडायचं न्हाय, असं मी मान्य केलंय. कंपनीला विचारू.”

कंपनीला! ती कंपनी केव्हाच गाशा गुंडाळून गेली होती. मी इंग्रजीत पत्रं लिहिली, साडूंनी रजिस्टर्ड पोस्टानं धाडली, आणि ती एकामागून एक ‘पत्त्यावर कोणी नाही’ असा शेरा घेऊन परत आली. फोन लावला तर तो नंबर आता एका खानावळीचा होता. साडूंनी त्या खानावळवाल्याला अख्खी हकीकत सांगितली आणि विचारलं, “मग तुमी देताव का परवानगी? नंबर तुमच्याकडंच हाय की.” मी कपाळावर हात मारला. दिवाळी गेली, संक्रांत आली. शेवटी माझं पित्त खवळलं. मी त्यांच्या दुकानात उभा राहून, रस्त्यावरची माणसं थांबतील एवढ्या मोठ्यानं ओरडलो, “घाला तुमच्या अटी चुलीत! तिकडं बाईची नजर चाललीय आणि तुम्ही मेलेल्या कंपनीची परवानगी मागताय?” साडू खाली मान घालून म्हणाले, “मास्तर, समोरचा न्हाय म्हणून दिलेला शब्द उडून जातोय व्हय?” मला त्यांचा राग आला. आजही येतो, खोटं कशाला बोलू.

चार दिवसांनी त्यांचाच फोन आला, “या लगेच.” गेलो. दुरुस्तीवाल्या बाई आधीच येऊन बसल्या होत्या. साडूंचा आवाज चिरका झाला होता. “सकाळी तिनं चहा गाळला. कपाच्या भाईर. समदा वट्यावर. आणि कप उचलून माझ्या हातात दिला, रिकामा. तिला कळलंच न्हाय, मास्तर.” मग त्यांनी दोरा ओवलेले ते जुने कागद काढले, कुलूप न मोडण्याचं कलम उभं राहून मोठ्यानं वाचलं, अडखळत, पण एकही शब्द न गाळता. वाचून झाल्यावर म्हणाले, “ह्ये मी मोडतोय. चुकून न्हाय, जाणूनबुजून. तुमी दोघं साक्षीदार.” माझ्याकडून तसं इंग्रजीत लिहून घेतलं, सही केली, आणि ते पत्र त्याच जुन्या पत्त्यावर धाडायला सांगितलं. अर्ध्या तासात नक्षी उघडली. पडद्यावर कणसं डोलायला लागली. बाई डोळे पुसत म्हणाल्या, “काका, तुमच्यासारखं गिऱ्हाईक मी बगितलं न्हाय. चोरी करतायसा का लग्न लावतायसा?”

कारखानदारानं त्याच आठवड्यात चादर विणून दिली. पण एका चादरीसाठी कोण सूत रंगवणार? मागावर जे सूत चढलेलं होतं त्याच्यातच विणली. साडू ती घेऊन आले तेव्हा मी घरात होतो. त्यांनी घडी उलगडली. सगळी कणसं जांभळी! गर्द, वांग्यासारखी जांभळी. अक्का कॉटवर बसल्या होत्या. त्या आठवड्यात त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. त्यांनी चादर मांडीवर ओढली, दोन्ही हात पसरले आणि एकेका दाण्यावरून बोट फिरवत राहिल्या. सगळे दाणे जागच्या जागी होते. मग मान वर करून त्यांनी विचारलं, “पिवळी आलीत न्हवं? मी म्हणले तशी?”

या माणसानं उभ्या जन्मात एक अट मोडली नव्हती, आणि मोडली तेव्हा सही करून मोडली होती. ते आता खरं तेच सांगून टाकणार, अशी मला भीती वाटली. साडू म्हणाले, “व्हय की. पिवळी. शेतात उभी असल्यागत.” आवाज जरासुद्धा हलला नाही. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. इतकं लाचार मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मी म्हणालो, “पिवळीधमक आहेत, अक्का.”

“मग झालं,” अक्का म्हणाल्या, आणि चादर अंगावर ओढून भिंतीला टेकून बसल्या. त्यांचा चेहरा इतका समाधानी दिसत होता, की मला तिथं थांबवेना.

साडू पायरीवर येऊन बसले. मी शेजारी बसलो. ते माझ्याकडं न बघता म्हणाले, “मास्तर, ह्येचं पत्र कुणाला लिवायचं?” मी आयुष्यभर पोरांना पत्रलेखन शिकवलं. असल्या पत्राचा मायना मात्र कुठल्याच धड्यात नव्हता.