शुक्रवारी ती कुठे जायची

माझी बायको शुक्रवारी संध्याकाळी ग्रंथालयात जात नव्हती. ती पबमध्ये जात होती. मीही जायचो, पण तिच्या मागून.

हे आज लिहायचं कारण म्हणजे ती गेल्यावर आमच्या वेलिंग्टनच्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेत तिच्यावर अर्धं पान छापून आलं. 'वाचनाची अतिशय आवड, दर शुक्रवारी ग्रंथालयात जाण्याचा नेम' असं त्यात एक वाक्य आहे. ते वाक्य मी पुरवलेलं आहे. गेलं वर्षभर ते माझ्या घशात अडकून बसलंय. या वयात एखादी गोष्ट गिळत बसण्यापेक्षा थुंकून टाकलेली बरी.

सुरुवात अगदी साधी झाली. डॉक्टरकडून परतताना टेकडीवर जाणारी आमची बस चुकली. वारा असा होता की छत्री उघडणं म्हणजे छत्री देऊन टाकणं. स्टॉपच्या मागेच तो जुना पब होता. तिला बाथरूमला जायचं होतं.

"अगं, तिथे नको. जरा कळ काढ," मी म्हणालो.

"कळ मला आहे, तुम्हाला नाही," असं म्हणून तिने दार ढकललंसुद्धा.

आतलं काम झाल्यावर ती दाराकडे न येता थेट काउंटरला गेली. "काहीतरी घ्यायला हवं. दुसऱ्याचं बाथरूम वापरून तसंच निघायचं? बरं दिसत नाही." काउंटरमागे पब चालवणारी बाई होती, माओरी, पिकल्या केसांची, हनुवटीवर गोंदण असलेली. बायकोने फळ्यावर वाचून जिंजर बिअर मागितली आणि खालच्या आवाजात विचारलं, "यात दारू नसते ना?" बाई तितक्याच खालच्या आवाजात म्हणाली, "नसते, लव्ह. पण कुणाला सांगू नकोस. माझी बदनामी होईल."

आम्ही शेकोटीजवळ बसलो. बाईने ग्लास आणि गरम चिप्स टेबलावर आणून ठेवल्या. बायको ग्लासाकडे नुसती बघत राहिली. मला वाटलं, आत माशी पडली.

"काय झालं?"

"काही नाही. कुणीतरी आणून दिलं."

एवढंच म्हणाली. मला ते समजायला फार वेळ लागला. आमच्या घरी मंडळाच्या बैठका व्हायच्या. पुरुष बाहेरच्या खोलीत बसून घरांच्या किमतींवर बोलायचे आणि मी आत आवाज द्यायचो, "अगं, चहा टाक." पुण्यातही द्यायचो, इथेही. तिच्यासमोर भरलेला ग्लास आणून ठेवणारी माणसं तिला म्हातारपणी भेटली, आणि तेही एका पबमध्ये. तिथे मुलगा कुठे नोकरीला, सून काय करते, घर कुठल्या सबर्बमध्ये, असं तिला कुणी विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "थंडी वाजत नाही ना? खुर्ची पुढे घे."

तेव्हापासून शुक्रवार ठरला. मी बिअरचं एक हँडल घ्यायचो. हँडल म्हणजे दांडीचा ग्लास. तिची जिंजर बिअर. एकदा तिने शँडी, म्हणजे लिंबू-सोडा घातलेली बिअर, चाखून पाहिली आणि परत माझ्यापुढे सरकवली. "यापेक्षा आपला जलजिरा बरा." तिने दारू प्यायल्याची पूर्ण हकिगत ही एवढीच. ज्यांना मीठमसाला लावायचा असेल त्यांनी आपल्या घरचा लावावा.

शुक्रवारी तिथे मीट रॅफल असते. तिकिटं विकतात, सोडत काढतात, जिंकणाऱ्याला मांसाचा भलामोठा ट्रे मिळतो. जमलेले पैसे शेजारच्या शाळेच्या रग्बी संघाला जातात. तिच्या कानावर फक्त शाळा आणि मुलं एवढंच पडलं होतं. आपल्याकडे वर्गणी मागायला येतात तसंच काहीतरी समजून तिने तिकीट घेतलं. आणि तिचाच नंबर लागला! जन्मात अंडंही न शिवलेल्या माझ्या बायकोपुढे सॉसेजेस, चॉप्स आणि दोन अख्ख्या कोंबड्या येऊन ठेपल्या. सगळा पब टाळ्या वाजवत होता.

"अगं, परत देऊन टाक," मी तिच्या कानाशी पुटपुटलो.

"का म्हणून? जिंकलेय मी!"

तिने हळदीकुंकवाचं तबक उचलावं तसा तो ट्रे दोन्ही हातांनी उचलला. कुणीतरी फोटो काढला. मग ती शेजारच्या टेबलाशी गेली. तिथे एक म्हातारा एकटा बसलेला असायचा, आयुष्यभर बंदरात माल उतरवलेला. तिने ट्रे त्याच्यापुढे ठेवला. तो गांगरला. "नक्की ना, लव्ह?" ती म्हणाली, "नक्की. पण भाजी पण खात जा." पुढच्या शुक्रवारी तो परसातल्या फिजोआंची पिशवी घेऊन आला. तिने त्या फळांचं गोड लोणचं घातलं आणि बरणी पबमध्ये नेली. त्या चिप्सना तशी चव पुन्हा कधी आली नाही.

मग मंडळाच्या चिटणिसाने आम्हाला बसच्या खिडकीतून पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन. "काय काका, काल पबमध्ये? आणि काकूसुद्धा?"

"अहो, पाऊस होता. बसची वाट बघत होतो. एरवी शुक्रवारी ती ग्रंथालयात असते," मी म्हणालो.

फोन ठेवला. ती मागेच उभी होती. "काल पाऊस कुठे होता हो?" मी पेपर उघडला. "तुम्हाला लाज कुणाची वाटते? त्यांची की माझी?"

पुढच्या शुक्रवारी माझा गुडघा दुखला. त्याच्या पुढच्याही. ती कोट घालून एकटी गेली, शेवटच्या आजारात अंथरूण धरेपर्यंत जात राहिली. काही आठवड्यांनी मीही तिच्या मागून पुन्हा जाऊ लागलो, पण खिडकीकडे पाठ करून बसायचो.

तिच्या अंत्यविधीला पबवाली बाई आणि तो बंदरातला म्हातारा येऊन मागे उभे राहिले. मुलाने विचारलं, "बाबा, हे कोण?" मी म्हणालो, "बसस्टॉपवरच्या ओळखीचे." म्हाताऱ्याच्या हातात फिजोआंची पिशवी होती. ती कुठे ठेवावी हे त्याला कळत नव्हतं आणि मी पुढे होऊन ती घेतली नाही. मला माफी मागायची असेल तर या दोघांची. मंडळाची नाही.

गेल्या महिन्यात बाईने मला बोलावून घेतलं. शेकोटीशेजारच्या भिंतीवर गेलेल्या नेहमीच्या मंडळींचे फोटो आहेत. त्यांत तिचा लावायचा होता, ट्रे घेतलेला. "तुझ्या घरच्यांना चालत असेल तरच," बाई म्हणाली.

बाईने दिलेला तो फोटो मी मुलाला दाखवला. तो डोळे मिटून म्हणाला, "बाबा, प्लीज. वर्षश्राद्ध तोंडावर आलंय. आणि आईच्या हातात चिकन? लोक काय म्हणतील?"

"आधी फोटो नीट बघ. कशी हसतेय बघ."

त्याने बघितलं. बराच वेळ बघितलं. "अशी हसताना मी तिला पाहिलीच नाही," तो हळूच म्हणाला.

"घरी हसायला सवड कुठे होती तिला? मी सारखा चहा मागत होतो."

तो हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. मी त्याच शुक्रवारी फोटो घेऊन गेलो आणि खिळा माझ्या हाताने ठोकला. बंदरातला म्हातारा खालून सांगत होता, "डावीकडे. अजून. हं, आता कुणाकडे वाकडं बघत नाही ती." मी खिडकीकडे तोंड करून बसलो आणि रॅफलचं तिकीट घेतलं.

चिटणिसाचा फोन आलाच. "काका, ऐकलं ते खरं का? स्मरणिकेत तर ग्रंथालय छापलंय!"

"छापलंय ते खोटं आहे. मी सांगितलं होतं. आता मीच सांगतोय ते छापा."

"पण काका, आपली माणसं काय..."

"आपल्या माणसांना घेऊन या. बस दारातच थांबते. शेकोटीच्या डाव्या हाताला आहे ती. बाथरूमला जायचं असेल तर खुशाल जा. पण काहीतरी घेतल्याशिवाय निघू नका. तिला ते आवडायचं नाही."