वाघमारे काकांची होडी

रोज सकाळी वाघमारे काका फाटकाशी उभे राहत, करंगळी ओली करून हवेत धरत आणि वारा कुठून येतो ते पाहत. आमची कॉलनी लातूरची. नळ आठ दिवसांनी येतो, तोही आला तर. अशा गावात या माणसाला वाऱ्याची दिशा हवी होती, कारण तो अंगणात शिडाची होडी बांधत होता.

एवढी करमणूक कॉलनीला फुकटात कधी मिळाली नव्हती. मी पडलो शाळामास्तर, त्यामुळे टिंगलीचा ठेका आपोआप माझ्याकडे आला. "काका, समुद्र कधी येणार आपल्याकडं?" मी विचारायचो. रंधा न थांबवता ते म्हणायचे, "जय भीम, सर. तुम्ही हसा. मी बांधायलोय."

रेणापूरकडच्या एका तलावावर पाण्याची पातळी लिहिण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. पाहणी असली की साहेब लोक होडीत आणि काका काठावर, वही घेऊन. "तीस वर्सं पाणी मोजलं, सर. पाण्यावर बसलो न्हाई एकदाबी. एकदा बसायचं हाय," असं ते एकदाच बोलले. मी त्यावरही विनोद केला.

सागवान परवडेना म्हणून फळ्या आंब्याच्या आणल्या. वल्ही जुन्या पलंगाच्या दांड्यांची केली. तेव्हापासून काकू जमिनीवर झोपत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ते ऐकवत. शीड म्हणजे एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स. "हा चेहरा कशाला, काका?" "असू द्या की. फुगायची सवय हाय त्यांना."

होडी तयार झाली ती नेमकी ऐन उन्हाळ्यात. लाकूड वाळून आकसलं आणि फळ्यांमध्ये फटी पडल्या. विष्णुपुरी जलाशयावरच्या एका म्हाताऱ्या मासेमाराने फोनवर उपाय सांगितला: होडीत आठ दिवस पाणी भरून ठेवा, लाकूड फुगेल, फटी मिटतील, मग वाळू न देता लगेच जलाशयात घाला. झालं! लातुरात, मे महिन्यात, हे गृहस्थ होडीत पाणी भरू लागले. नवरा-बायको एका बादलीत दोघांच्या आंघोळी उरकत आणि उरलेलं होडीत ओतत. खालून गळणारं घमेल्यात धरून काका पुन्हा वर ओतत. हळूहळू पाणी टिकू लागलं. विष्णुपुरीला जायला रविवारचा टेम्पो ठरला.

त्याच आठवड्यात पाइपलाइन फुटली. नळाचा वार कोरडा गेला, टँकरही फिरकला नाही. गुरुवारी अख्खी कॉलनी बादल्या घेऊन काकांच्या फाटकाशी हजर. कालपर्यंत दात काढणारी मंडळी, पण आज काय ती नम्रता आणि काय तो शेजारधर्म!

काकू हळूच म्हणाल्या, "अवो, लाकूड वाळंल की."

 काकांनी फाटक उघडलं. "वाळू दे. लेकराबाळाची घरं हायेत. न्या, पण पिऊ नका हां, डांबराचा वास लागलाय. वापरायला न्या."

मी मास्तर असल्यामुळे रांग लावायचं थोर कार्य केलं.

रविवारपर्यंत सगळ्या फटी पुन्हा उघडल्या, तळाची एक फळी तर उभी चिरली. टेम्पोवाल्याला नको म्हणून कळवल्यावर काका मला म्हणाले, "फळी बदलू, पुढच्या नळाला परत भरू. पाणी कुठं पळून चाललंय?" पुढचा नळ यायच्या आदल्या दुपारी ते खुर्चीत बसल्या बसल्या गेले.

शोकसभेत त्यांच्या मोठ्या मनाबद्दल मीच बोललो. भाषण छान झालं, असं लोक म्हणाले. समोर काकू बसल्या होत्या आणि मला लाजेनं मान वर करवत नव्हती. त्या गुरुवारी मी होडीतून सहा बादल्या नेल्या होत्या. त्यांतल्या एकीनं मी स्कूटर धुतली होती.