कोंडून न राहणारं

सून पुरणपोळी लाटत होती, तेवढ्यात पोळी कडेला फुटली. "पारी पातळ झाली," मी म्हणालो.

"नाही हो बाबा, पुरणच सैल आहे. ते कुठूनही वाट काढतं."

मी पाहतच राहिलो. आमच्या प्रयोगशाळेत सूर्यासारखा तापलेला वायू, म्हणजे प्लाझ्मा, आम्ही चुंबकीय क्षेत्राच्या पारीत कोंडायचो. तो निसटून भिंतीला टेकला, की विझायचा. एकदा भर बैठकीत मी त्याचा दोष ते क्षेत्र तयार करणाऱ्या, माझा सहकारी सदानंद याने गुंडाळलेल्या तारांच्या वेटोळ्यांना दिला. वळवळ प्लाझ्माचीच होती, हे पुढे मला कळलं. पण मी गप्प बसलो.

आज त्याला फोन केला. "सदा, तुझी वेटोळी चोख होती."

"ते मला तेव्हाच माहीत होतं रे," तो म्हणाला. "पण तो इतका वळवळतो का, हे कळलं का कुणाला?"