तासाला आठ, म्हणजे साडेसात

डॉक्टरांनी मला चालायला सांगितलं होतं, शुगर निघाली म्हणून. धावायला कुणीच सांगितलं नव्हतं. ते माझं मी ठरवलं.

मानपाडा रोडला आमच्या बिल्डिंगखाली जिम आहे. दुपारची वेळ बायकांची, आणि तेव्हा तिथे सहसा कुणी नसतं. मला तेच हवं होतं. चारचौघांत माझं तोंड उघडत नाही, मग धावणं लांबच. ट्रेडमिलवर आकडा दिसतो. पाचवर मी चालायचे, सहावर घाईने चालायचे, आणि हळूहळू आठवर धावायला लागले. ताशी आठ किलोमीटर. आठ हा माझा आकडा झाला.

ठाण्याला दहा किलोमीटरची शर्यत आहे असं कळलं, तेव्हा मैदानावरच्या धावण्याच्या ग्रुपमध्ये गेले. पहिल्याच दिवशी तिथल्या सरांनी विचारलं, "ताई, तुमचा पेस किती?"

पेस म्हणजे वेगच असणार, असं धरून मी म्हटलं, "आठ."

सरांनी मला एका घोळक्यात पाठवलं. त्या बायका धावता धावता आज डब्याला काय केलं ते एकमेकींना सांगत होत्या. माझे पाय पुढे जायला बघत होते आणि मी त्यांना मागे ओढत होते. विचारायची लाज वाटली, म्हणून कितीतरी दिवस तशीच त्यांच्यामागे रखडले.

मी पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटते. मालकीणबाई नेहमी विचारतात, तासाला किती होतील? मी तसं मोजत नाही. एक पोळी लाटून, भाजून उतरायला किती वेळ लागला, एवढंच बघते. तासाच्या पोळ्या वाढल्या की एकीचा वेळ कमी होतो. एका सकाळी लाटताना डोक्यात आलं, की ट्रेडमिल बाईंसारखी मोजते आणि सर माझ्यासारखे. ते एका किलोमीटरला किती मिनिटं लागतात ते विचारत होते. तिथे मोठा आकडा म्हणजे हळू माणूस. मी माझ्या तोंडाने हळू झाले होते.

मग हिशेब केला. साठ मिनिटांत आठ किलोमीटर. आठ सत्ते छप्पन्न, उरली चार मिनिटं, ती आठांत वाटली तर प्रत्येकाला अर्धं. साडेसात. माझं चौथीपर्यंतचं शिक्षण त्याला पुरलं.

अर्ध्या मिनिटाने काय होतं, असं कुणी म्हणेल. माझं सगळं त्या अर्ध्या मिनिटावर अडलं होतं. शर्यत रविवारी, आणि रविवारीच केंद्रात सगळ्यात जास्त ऑर्डरी. रजा मागितली तर बाई म्हणाल्या, "रविवार सोडून कुठलाही वार माग गं." शर्यती रविवारीच असतात. मग मी ठरवलं, धावायचं पण आणि सव्वाआठला कामावर हजर पण व्हायचं. शर्यतीत वेगाप्रमाणे गट सोडतात, साडेसातवाले सहाला सुटणार होते. दहा किलोमीटर सव्वासातपर्यंत संपले असते, पुढे रिक्षा, लोकल गाडी, जेमतेम जमत होतं. आठवाले दहा मिनिटं मागून सुटणार आणि वर पाच मिनिटं जास्त घेणार. त्यात माझं काम जाणार.

सरांना गाठलं. "मला साडेसातमध्ये टाका."

"ताई, तुम्हीच आठ बोललेलात."

"ते मशीनचे आठ. ताशी."

सर हसले. "अच्छा, असं आहे होय. पण मशीनवर वारा नाही, चढ नाही. ठाण्याला फ्लायओव्हर चढायचाय. आठमध्येच राहा, आरामात संपवा."

"आरामात नको."

"आणि मागे पडलात तर?"

"पडले तर मी पडेन ना. तुम्हाला कुठे उचलायचंय?"

मी असं बोलले यावर माझाच विश्वास बसेना. सरांनी हात जोडले. "या मग साडेसातला."

शर्यतीत गटाला वेग कळावा म्हणून साडेसातचा झेंडा घेऊन एक मुलगी पुढे धावत होती. अर्ध्या वाटेपर्यंत मी तिच्या पाठीला चिकटून होते. फ्लायओव्हरवर मात्र सरांचं खरं झालं. धाप लागली, झेंडा लांब गेला. मी चालले नाही. उतारावर थोडं भरून काढलं, आणि अठ्ठ्याहत्तर मिनिटांत पोचले. ठरल्यापेक्षा तीन मिनिटं जास्त, पण सगळी धावून. ग्रुपमधले मिसळ खायला चालले होते. मी तशीच रिक्षात बसले. ठाण्याला एक गाडी डोळ्यांसमोर सुटली.

केंद्रात शिरले तेव्हा साडेआठ वाजले होते. अंगात शर्यतीचा टी-शर्ट, गळ्यात मेडल.

"आल्या का धावून?" बाई म्हणाल्या. "इथे कणीक तशीच पडलीय. मेडल वाढू का गिऱ्हाइकाला?"

मी हात धुतले आणि परातीपाशी बसले. एरवी मी खाली मान घालून काम सुरू केलं असतं. त्या दिवशी म्हटलं, "बाई, पुढच्या शर्यतीच्या रविवारी मी येणार नाही. रजा मागत नाहीये. आधी सांगून ठेवतेय."

"मग सोमवारी पण नको येऊस."

"सोमवारी येणार. पोळ्या कोण लाटणार, तुम्ही?"

भाजी चिरणाऱ्या दोघी फिसकन हसल्या. बाईंनी ऑर्डरींची वही पुढे ओढली. मग म्हणाल्या, "आधीच्या शुक्रवारी आठवण कर. बदली बाई बघावी लागेल."

मी मेडल पाठीवर टाकलं आणि कणकेत पाणी घातलं.