आधार नानांच्या चार आखण्या

आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेची जागा मी भांडून मिळवली. पारोळ्याच्या कचेरीत सात वर्षं चपला झिजवल्या, दोनदा उपोषणाला बसलो, तेव्हा कुठं ग्रामपंचायतीनं ठराव केला. त्यातही खाली एक ओळ खोचून ठेवली होती: एकतीस मार्चच्या आत बांधकाम सुरू झालं नाही तर जागा परत. तो कागद घेऊन मी तडक आधार नानांकडं गेलो.

आधार नाना आमच्याच वस्तीतले गवंडी. चौथीपर्यंत शिकलेले, पासष्टी ओलांडलेली, बोलणं मोजकं. मी म्हटलं, "नाना, उद्याच आखणी करा. दोन मजली, तोंड रस्त्याकडं. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसलं पाहिजे आपण काय उभं केलं ते."

"हाई एक झाली," नाना म्हणाले. "बाकीन्या?"

"बाकीच्या कशाला?"

दुसऱ्या दिवशी जाऊन बघतो तर म्हाताऱ्यानं त्या एवढ्याशा जागेवर चार इमारती आखलेल्या, एकमेकींच्या अंगावरून. पांढऱ्या चुन्यानं एक लांबलचक खोली. निळीनं दोन खोल्या, मध्ये पडवी. राखेनं एक कडुलिंबाला वळसा घालून. आणि गेरूनं माझी, रस्त्यावरची. वस्ती गोळा झाली होती. नानांनी सगळ्यांना रीत सांगितली.

"कोनीबी निवडानं नही. फक्त पुसानं. जी टिकाव नही ती पुसानी, पन कारन सांगीसन. ज्यानं कारन, त्यान्या हातमा झाडू."

मी जागच्या जागी पेटलो. "नाना, दीड महिना हातात आहे आणि तुम्ही रांगोळ्या काढताय?"

"मंग दीड महिना शे ना," नाना म्हणाले आणि खुंटी ठोकायला बसले.

पहिली राखेची गेली. पोलीस भरतीची तयारी करणारी शिल्पा आखणीच्या दारात उभी राहिली, समोर बघितलं आणि म्हणाली, "नाना, हे दार थेट पानटपरीसमोर येतं. संध्याकाळी मी इथून आत पाय ठेवणार नाही. दुसऱ्या मुलीही नाही." नानांनी झाडू तिच्या हातात दिला. एका पोरीच्या बोलण्यानं अख्खी इमारत गेली, आणि नानांचा चेहरा असा की काही कमावलं.

पण पुढं तीन आठवडे काहीच पुसलं जाईना. नाना रोज सकाळी पावलांनी विरलेल्या रेषा पुन्हा भरायचे, दुपारी बायकांना या खोलीतून त्या खोलीत बसवायचे, कोपऱ्या-कोपऱ्यात खड्डे खणायचे. चौकात लोक मला विचारत, "काय अभिमन भाऊ, कोणत्या रंगाची अभ्यासिका?" एका सकाळी नाना अमळनेरला गेलेले बघून मी झाडू उचलला. चुना झाडला, नीळ झाडली. गेरू तेवढा ठेवला.

दुपारी नाना आले. जमिनीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"कारन?"

माझ्याकडं नव्हतं. भर सभेत तहसीलदाराला गप्प करणारा मी, मान खाली घालून उभा. नानांनी टेपसुद्धा काढला नाही. दोन्ही आखण्या डोक्यातून जशाच्या तशा परत टाकल्या. मी मागून झाडूतून उरलेल्या पुसट खुणांशी माप धरून पाहिलं, बोटभराचाही फरक नव्हता.

मग पहिल्यांदाच स्वतःबद्दल बोलले. तरुणपणी ते सुरतेला होते, पाडकामाच्या टोळीत. "सात वरीस भिती पाड्या. एकबी वाईट बांधेल नव्हती रे. घाईमा ठरायेल व्हती. आज शेठ सांगे आठे दार, चार महिनामा सांगे तठे." हात झटकून म्हणाले, "रेघ पुसाले झाडू लागस. भित पुसाले घन लागस."

माझ्या गेरूचा निकाल चार दिवसांनी लागला. बाकी खड्ड्यांना छातीभर खोलीवर मुरूम लागला होता. रस्त्याकडच्या कोपऱ्यात माणूस बुडेल एवढं खणलं तरी फुटक्या घागरी, चिंध्या आणि भुसभुशीत माती. शेजारच्या द्रौपदाबाई खड्ड्यात वाकून म्हणाल्या, "अरे, रस्ता व्हवाना आगोदर आठे खड्डा व्हता. बठ्ठा गाव कचरा टाके!" दोन मजल्यांचं वजन त्यावर टाकायचं होतं मला. नानांनी झाडू त्यांच्यापुढं धरला. "मी कसाले?" म्हातारी म्हणाली, "ज्यानी शे त्याले दे." मीच पुसली. हात जड झाला होता, खोटं कशाला सांगू.

तरी पांढरी आणि निळी दोन्ही जिवंतच. सत्तावीस तारीख उजाडली तेव्हा मी नानांच्या दारात जाऊन ओरडलो, "नाना, चार दिवसांत जागा जाणार! माझी सात वर्षं तुमच्या चुन्यात गेली! आता काय ते एक ठरवा!"

नाना चहा पिऊन उठले, जागेवर गेले, आणि कुदळीच्या टोकानं तीन ठिकाणी फुल्या मारल्या. मला काही कळेना. मग म्हणाले, "दख. चुनाबी आठेतून जास, नीळबी. हाऊ कोपरा, हाऊ, आनि हाऊ. कोनतीबी ऱ्हायनी तरी ह्या तीन खांब लागतीनच."

मी त्या फुल्यांकडं बघत राहिलो. दीड महिना ती जागा रोज तुडवली होती मी. दोन रेषा एकमेकींवर चढलेल्या दिसत होत्या आणि मला तो नुसता गोंधळ वाटला होता. या माणसाला त्यात पाया दिसत होता. मी कोट घातलेले लय हुशार लोक पाहिलेत, त्यांच्याशी भांडलोय, पण कुणापुढं असा नमलो नव्हतो.

एकतीस तारखेला काम सुरू झालं का ते बघायला पंचायत समितीचा इंजिनीअर नीलेश आला. तीन पाये भरलेले, सळया आकाशात.

"नकाशा?"

नानांनी दोन कागद पुढं केले, एक चुन्याच्या आखणीचा, एक निळीच्या.

"यातली इमारत कुठली?"

"ती आजून ठरनी नही, साहेब."

इंजिनीअर हसला. "नाना, चेष्टा करता का राव?" मग दोन्ही कागद गाडीच्या बोनेटवर शेजारी-शेजारी ठेवले, टेप घेतला, तिन्ही खांब मोजले. पुन्हा कागद. पुन्हा खांब. मग पेनाचं टोपण दातानं काढलं आणि पंचनाम्यात लिहिलं, "बांधकाम सुरू आहे." आणि खाली सही केली.

जागा आमची झाली. मी कागद छातीशी धरून घोषणाच देणार होतो, पण नाना केव्हाच पांढऱ्या आखणीत जाऊन बसले होते. "शिल्पा," त्यांनी हाक मारली, "उद्या एप्रिल लागस. पुस्तक लई ये, आठे बस. आते ऊन दखू कोनतीमा जास्त येस ते."